तार तुटू नये म्हणून

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस भिवंडीत चार मजले चढवले की इमारतीला टॉवर म्हणायची मुभा होती. लिफ्ट नसली तरी चालायचं, पाटी मात्र मोठी हवी. असा एक टॉवर मीही काढलेला आहे. मी तेव्हा एका आर्किटेक्टकडे ड्राफ्ट्समन होतो. आमचे साहेब आठवड्यातून एकदा ठाण्याहून येत, सह्या करत, चहा घेत आणि इथे धूळ फार आहे असं म्हणून परत जात. उरलेले दिवस भिवंडीची वास्तुकला माझ्या हातात असे. हे वाक्य मी स्वतःच्या लग्नाच्या बैठकीत दोनदा म्हटलं होतं.

टॉवर बांधणारे शेठ पिढीजात मागवाले. माझे वडील तीस वर्षं त्यांच्या कारखान्यात माग चालवत होते, त्यामुळे शेठ मला घरचाच समजत आणि नकाशावर हक्काने बोट ठेवत. आयुष्यात त्यांनी मागाच्या शेडशिवाय दुसरं काही बांधलं नव्हतं. आधी त्यांनी सगळे दरवाजे रुंद करायला लावले. मागावर चढवायचा सुताचा भलामोठा रूळ, म्हणजे बीम, अरुंद दारातून आत जाणार कसा, ही त्यांची काळजी.

"शेठ, इथे माणसं राहणार आहेत," मी म्हणालो.

"आज माणसं राहतील. उद्याचं कोणी बघितलंय?"

मग त्यांचं बोट खिडक्यांवर आलं. मी खिडक्या कमरेच्या उंचीवर काढल्या होत्या. त्यांना त्या पार वर, छताखाली हव्या होत्या, आणि तिथेही जेमतेम दीड फुटाच्या.

"खिडकी खाली आली का हवा सीधी आत येते. हवा आली का सूत सुकतं, तार तुटते. इतनी सी बात तुमच्या कॉलेजात शिकवत नाहीत?"

मी रबर घेतलं आणि सोळा घरांच्या खिडक्या खोडून वर नेल्या. साहेबांनी सही केली. धूळ फार आहे म्हणाले.

टॉवर उभा राहिला. त्याचा दर्शनी भाग मी जीव ओतून काढला होता. कमानी होत्या, जिन्याला चौकटी-चौकटींची जाळी होती. आणि वर, मजल्यामजल्यावर, कारखान्याचे झरोके. नवखे हमाल गाठोडी घेऊन थेट आत शिरत, असं वॉचमन सांगायचा. मी ते हसण्यावारी नेत असे.

हसणं थांबलं ते आम्हीच तिथे राहायला गेलो तेव्हा. वडील कामावरून निवृत्त झाले आणि शेठनी चौथ्या मजल्यावरची एक जागा आम्हाला सवलतीत दिली. तोवर आम्ही कामतघरला चाळीत होतो. आई अंजूरकडची, शेतकऱ्याची मुलगी. दुपारी चाळीच्या उंबऱ्यावर वालाच्या शेंगा सोलत बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाची चौकशी करायची. कोणाची शिफ्ट सुटली, कोणाची सून माहेरी गेली, सगळं तिला ठाऊक. आता तिला दीड फूट आकाश दिसत होतं. गुडघे धरलेले, चार जिने उतरणं होत नव्हतं. वर आलेल्या माणसाला पाणी द्यायच्या आधी ती विचारायची, "खाली कोन हाय?"

तक्रार मात्र नाही. पाहुण्यांना ती सांगायची, "माज्या पोराने काढलेला टावर हाय." पाहुणे मान वर करून खिडकी बघत. मला तिथून उठून जावंसं वाटे.

एकदा दुपारी लवकर घरी आलो. भिंतीशी लोखंडी पेटी, पेटीवर पाट आणि पाटावर आई. दोन्ही हातांनी गज धरून, टाचा उंचावून ती बाहेर बघत होती. मी हाक मारली असती तर ती दचकून पडली असती. हळूच जाऊन तिला कमरेशी धरलं आणि खाली उतरवलं.

"पडली असतीस ना."

"रोज चढते. आज तू आलास."

मी खाली बसलो आणि सगळं सांगून टाकलं. खिडक्या मी खालीच काढल्या होत्या, शेठ म्हणाले म्हणून वर नेल्या, एका शब्दाने भांडलो नाही. आईने पेटीवरचा पाट उचलून भिंतीला लावून ठेवला.

"शेठला न्हाय म्हनायला तुज्या बापासला तीस वरसांत जमला न्हाय. तुला कुठशी जमंल?"

ती रागावली नव्हती, तरी मला ते फार लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी कारखान्यात गेलो. मागांच्या खडखडाटात काही ऐकू येईना, म्हणून शेठ मला बाजूच्या खोलीत घेऊन गेले. येताना पाठ केलेलं सगळं भाषण मी विसरलो होतो.

"शेठ, आमची खिडकी खाली घ्यायचीय. आईला रस्ता दिसत नाही."



"मग तेव्हाच बोलायचं ना. मला मागाचं कळतं. तुझ्या आईचं मला काय मालूम?"

त्यांनी गवंडी पाठवला. वरची तुळई तशीच राहिली, फक्त खालच्या विटा काढायच्या होत्या. दोन दिवसांत काम झालं. अडीच वर्षं आम्ही ज्या भिंतीकडे बघत होतो ती दोन दिवसांची होती.

तिसऱ्या दुपारी आई खिडकीशी बसली. भाजीवाल्याला थांबवून झालं, रस्त्यावरच्या दोघांची विचारपूस झाली. मी मागे उभा होतो, अगदी खुशीत. मग ती जरा वाकून आमच्याच इमारतीच्या भिंतीकडे बघायला लागली. खालच्या मजल्यावरच्या झरोक्यातून बांगड्या भरलेला एक हात बाहेर आला होता आणि भाजीवाल्याला खुणावत होता. हाताच्या मागे तोंड दिसत नव्हतं.

"या बायांच्या खिडक्या कवा घेनार खाली?" आईने विचारलं.

त्यांचं मी शेठना विचारलंच नव्हतं.