कंट्रोल म्हणजे काय?

"कंट्रोल म्हणजे काय? हां, तुम्ही. सांगा."

मी उभी राहिले. आमच्या कोळीवाड्यात कंट्रोल म्हणजे एकच. म्हणाले, "रेशनचं दुकान, सर."

वर्ग खदखदून हसला. ठाण्याच्या एका इस्पितळात वर्ग होता. आम्ही सगळे इस्पितळांच्या ग्रंथालयांत काम करणारे. कुणी कल्याणचे, कुणी डोंबिवलीचे. रोग्यांवर केलेले अभ्यास कसे वाचायचे, कुठल्यावर भरवसा ठेवायचा, ते डॉक्टर शिकवणार होते. हसणाऱ्यांतले कितीतरी घरी रॉकेल कंट्रोलवरूनच आणत होते. तरी हसले.

डॉक्टरांनी हजेरीत माझं आडनाव ऐकलं होतं. म्हणाले, "बाई, मासळीची पाटी सोडून इथे कशाला आलात? जा, चहाचं बघा."

पाटी माझ्या आईची. तिच्यावर मी शिकले. अंगाची लाही लाही झाली. आणि तरीही सवयीने पाय दाराकडे वळले. त्या पायांचाच जास्त राग आला. मागे फिरले. सरळ पुढच्या बाकावर येऊन बसले.

"चहा नाही आणणार. कंट्रोल म्हणजे काय ते सांगा."

"अगं ए, कुणाशी बोलतेस?"

"शिकवणाऱ्याशी. शिकवा."

मग ते फळ्याकडे तोंड करून बोलले. नवं औषध काही रोग्यांना द्यायचं. तसल्याच दुसऱ्या रोग्यांना द्यायचं नाही. ते दुसरे म्हणजे कंट्रोल. ते नसतील तर गुण औषधाने आला की आपोआप, कळणार कसं?

एवढंच? एवढ्यासाठी माझ्या आईची पाटी भर वर्गात काढलीत?

पुढचं सगळं मी शिकले. रागाने शिकले. राग चांगला मास्तर आहे, छडी खाली ठेवत नाही.

आता कल्याणला असाच वर्ग आहे आणि शिकवणारी मी आहे. वाचायला त्याच डॉक्टरांचे छापून आलेले अभ्यास देणार आहे. नाव झाकणार नाही. ओळ न् ओळ सोलणार. खरं निघालं तर खरं म्हणेन, पण मला त्याचा आनंद होणार नाही.

मैत्रीण म्हणते, "जाऊ दे ना, झालं गेलं."

नाही जाऊ देणार. डॉक्टरांना निरोप धाडलाय. या, उत्तरं तुम्हाला द्यायची आहेत. नाही आले तरी वर्ग होणार. त्यांच्या नावासकट होणार.