कुमरे गुरुजी पीत नव्हते

दलसू कुमरे गुरुजी गेल्याची बातमी मला आलापल्लीच्या मोटार अड्ड्यावर कळली. सांगणारा जंगल खात्यातला कारकून होता, चांगला शिकलेला, गुरुजींना नावानिशी ओळखणारा. "तुमचे कुमरे मास्तर गेले," तो म्हणाला, आणि मी पिशवी खाली ठेवतो न ठेवतो तोच पुढे म्हणाला, "शेवटी मोहाच्या दारूनं खाल्लंच त्यांना. या लोकांचं असंच असतं." मी काय उत्तर दिलं ते इथे छापण्याजोगं नाही. त्याला काही आठवडे होऊन गेले. राग ओसरलेला नाही, आणि तो ओसरावा अशी माझी इच्छाही नाही. म्हणून हे लिहितो आहे.

गुरुजी यकृताच्या कर्करोगानं गेले. एटापल्लीच्या शाळेत आम्ही दोघं बरोबर शिकवायचो. मी गडचिरोलीकडच्या शेतकरी घरातला, बदली होऊन नाराजीनं तिथे आलेला. ते त्याच मुलखातले, माडिया-गोंडांच्या वस्तीत वाढलेले, आणि त्यांच्या गावातून मास्तर झालेले पहिलेच. पहिल्या पावसाळ्यात मला हिवतापानं आडवं केलं तेव्हा गुरुजींच्या बायकोनं, सोमीबाईनं, तांदळाची पेज करून पाठवली आणि गुरुजींनी माझा वर्ग आपल्या वर्गात आणून बसवला. मुलांना ते आधी गोंडीत गोष्ट सांगत आणि मग तीच मराठीत. दुसऱ्यांदा ऐकताना मुलं शब्द ओळखून ओरडत. तपासायला आलेल्या साहेबांना तो गोंधळ वाटे. मला मात्र आजही वाटतं, असं कान देऊन ऐकावं असं शिकवणं मला पुन्हा कुठे भेटलं नाही.

आणि ते पीत नव्हते. यात थोर काही नव्हतं. त्यांना त्या वासानं मळमळायचं, इतकंच. गावच्या पूजेत देवाला मोहाची दारू वाहिली, की पानाचा द्रोण ते कपाळाला लावत आणि शेजाऱ्याकडे सरकवत. "देवाले चालते, मले नाई चालत," म्हणून हसत. पिणाऱ्यांना त्यांनी कधी उपदेश केल्याचं मला आठवत नाही.

मग त्यांच्या उजव्या बरगडीखाली दुखू लागलं. जेवण कमी झालं, सदऱ्याचे खांदे लोंबू लागले. बैलगाडीनं आलापल्ली, तिथून लाकडं वाहणाऱ्या ट्रकमधून चांदा, असं आम्ही तिघं एका नावाजलेल्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी नाव विचारलं, गाव विचारलं, आणि मान वर न करता म्हणाले, "दारू सोडा. लिव्हर सुजलंय."

"साहेब, मी पेत नाई," गुरुजी म्हणाले.

"सगळे असंच सांगतात."

सोमीबाई पुढे झाली. "याहीनं जल्मात दारूले तोंड नाई लावलं, साहेब. पोट तं पाहा. इथी कडक लागून राह्यलं."

डॉक्टरांनी पोट पाहिलं नाही. सुया लिहून दिल्या, बाटली लिहून दिली, पुढच्या माणसाला आत बोलावलं. पुन्हा गेलो, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही सुशिक्षित दिसता, यांच्यावर जरा लक्ष ठेवा." मी टेबलावर हात आपटला. गुरुजींनी मला दंडाला धरून बाहेर आणलं. असं करत करत हिवाळा गेला, उन्हाळा गेला. भात रोवायच्या दिवसांत गाठ सदऱ्यावरूनही दिसू लागली, तेव्हा मी सुट्टी टाकली आणि त्या दोघांना घेऊन वर्ध्याला गाडी बदलून मुंबई गाठली. माझा एक मावसभाऊ तिथल्या मोठ्या इस्पितळात नोकरीला होता, त्याच्या ओळखीनं एका सर्जनांपर्यंत पोचलो.

हे सर्जन तरुण होते, कमी बोलणारे. त्यांनी आधी हात धुतले, मग ते एकमेकांवर चोळून गरम केले आणि गुरुजींच्या पोटावर ठेवले. बराच वेळ ते नुसते चाचपत होते, श्वास आत घ्या, सोडा, म्हणत होते. सोमीबाई भिंतीला टेकून उभी होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं... दुखण्याचं निदान अजून व्हायचं होतं, तरी. नुसता हात लावला म्हणून.

त्यांनी आम्हाला साध्या शब्दांत सांगितलं. यकृतात गाठ आहे. यकृत म्हणजे रक्तानं भरलेला अवयव, त्याला कापायला सर्जन पिढ्यान् पिढ्या घाबरत आले. पण आता त्याच्या आतल्या रक्तवाहिन्यांच्या वाटा कळू लागल्या आहेत, परदेशात त्याचा मोठा भाग काढून माणसं जगली आहेत, आणि उरलेलं यकृत पुन्हा वाढतं. गाठ एकाच बाजूला असेल तर ते प्रयत्न करतील. दोन्हीकडे पसरली असेल तर पोट उघडून पुन्हा शिवावं लागेल. उघडल्याशिवाय हे कळायचा मार्ग नाही.

गुरुजींनी विचारलं, "डाक्टरसाहेब, दारू न पेता हे काऊन होते?"

"ठाऊक नाही," सर्जन म्हणाले. "पुष्कळ गरीब मुलखांत, न पिणाऱ्यांनाही हा रोग झालेला दिसतो. कारण आम्ही शोधतो आहोत. तुमची परवानगी असेल तर गाठीचा लहानसा तुकडा तपासायला ठेवू. तुम्हाला त्याचा उपयोग होईल असं मी म्हणणार नाही."

"ठेवा. पण मी पेत नव्हतो हे लिहून ठेवा."

"लिहीन."

मुंबईत त्यांनी स्वतःसाठी एवढी एकच गोष्ट मागितली.

पोट उघडलं. गाठ दोन्हीकडे गेली होती. तुकडा घेऊन पोट शिवलं. सर्जन बाहेर आले आणि आमच्यासमोर बाकावर बसले. मी विचारलं, वर्षभर आधी आणलं असतं तर?  ते म्हणाले, "तेव्हा ती कदाचित एका बाजूलाच असेल. हाताला लागली असती, एवढं मात्र नक्की." त्या 'कदाचित'शी मी आजही भांडतो आहे. नक्की वाचले असते असं ते म्हणाले असते तर रागाला काही टोक तरी आलं असतं. नक्की मेलेच असते म्हणाले असते तर तो कुठेतरी थांबला असता.

पावसाळ्यानंतर गुरुजींनी घरीच प्राण सोडला, पोटात पाणी होऊन. मी तेव्हा शाळेच्या कामासाठी चांद्याला होतो, परतताना अड्ड्यावर तो कारकून भेटला.

शाळेत शोकसभा झाली. शिक्षण खात्याचे एक अधिकारी आले होते. गुरुजींच्या फोटोला हार घालून ते बरंच चांगलं बोलले, आणि शेवटी आवाज उतरवून म्हणाले, "एका व्यसनापायी असा गुणी शिक्षक आपण गमावला..." मी ताडकन उठलो. "कुमरे गुरुजी पीत नव्हते!" माझा आवाज फाटला होता. "एक थेंब नाही! मी साक्षीदार आहे, मुंबईचे डॉक्टर साक्षीदार आहेत!" अधिकारी गडबडले. कोणीतरी माझा सदरा ओढत होतं.

तेवढ्यात बायकांमधून सोमीबाई उभी राहिली. ती माझ्याकडे पाहत होती, अधिकाऱ्यांकडे नव्हे.

"भाऊ, बसा," ती म्हणाली. "पेले असते तं का झालं असतं? पेणाऱ्याचं पोट दुखत नाई का? त्याले डाक्टर नसते का?"

 मी बसलो. इतके दिवस मी ज्या एका वाक्यासाठी भांडत होतो, ते तिनं केव्हाच मागे टाकलं होतं.

सभा उठल्यावर ती मला व्हरांड्यात घेऊन गेली. तिथे तिच्या वस्तीतला पुसू नावाचा म्हातारा भिंतीला पाठ लावून बसला होता. पाय सुजलेले, पोट फुगलेलं, डोळे पिवळे. "याले चांद्याले नेऊ," ती म्हणाली. "त्याच डाक्टरकडे. आन् भाऊ, हा पेते. रोज पेते."

आम्ही नेलं. डॉक्टरांनी नाव विचारलं, गाव विचारलं, आणि मान खाली ठेवूनच म्हणाले, "दारू पितो?"

"हो, पेते," सोमीबाई म्हणाली आणि टेबलासमोरच्या स्टुलावर ठाण मांडून बसली. बाहेर रांग लागलेली होती. "आता उठा साहेब, आन् पोट पाहा. तुमी पाह्यपर्यंत मी इथून उठत नाई."

 डॉक्टरांची खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.