बाविसावा भाग

बाविसाव्या भागाला पहिल्याच दिवशी वाचकांचे इतके लाल बदाम, म्हणजे लाइक, आले की मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून एकटीच नाचले. संध्याकाळी ठाकुर्लीला घरी पोचेपर्यंत फोन थरथरतच होता. आईला वाटलं, माझं लग्न जुळलं.

मी इंटरनेटवर फॅनफिक्शन लिहायचे. म्हणजे टीव्हीवरच्या मालिकेतली पात्रं उचलायची आणि त्यांची आपल्याला हवी तशी गोष्ट करायची. माझे नायक होते एका हॉस्पिटलच्या मालिकेतले दोन डॉक्टर. मालिकेत ते एकमेकांच्या जिवावर उठलेले, माझ्याकडे ते एकमेकांवर जीव टाकायचे. बंद पडलेल्या लिफ्टमध्ये टाकायचे, ऑपरेशननंतर हात धुताना टाकायचे. माझ्या वाचक बहुतेक मुलीच होत्या आणि आम्ही सगळ्या त्या दोघांसाठी ठार वेड्या होतो.

त्यातच एकदा वर्तकनगरला रूममेटबरोबर राहणाऱ्या माझ्या मामेभावाने मला चहाला बोलावलं आणि सांगितलं, "अगं, तो माझा रूममेट नाहीये." मी खुर्चीतून उठून त्याला मिठीच मारली. घरात हे फक्त मला माहीत, याचा मला केवढा अभिमान. मग प्रश्नांचा भडिमार: आधी कोणी विचारलं, कसं विचारलं, तेव्हा अंगात काय घातलेलं. दादा हसत हसत सांगत गेला. घरमालक त्याच कॉलनीत राहतात आणि फोन न करता येतात. बेल वाजली की एक जण दार उघडायला जातो आणि दुसरा दोघांच्या मगातला आपला टूथब्रश उचलून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवतो, आतल्या खोलीत दुसरी गादी घालतो. इतकी सवय झालीय म्हणे, की कुरियरवाला आला तरी ब्रश पळतो.

तोच माझा बाविसावा भाग. डॉक्टर तेच, ब्रश दादाच्या घरचा. विचारायचं मला सुचलंसुद्धा नाही.

भाऊबीजेला मी ताम्हन, निरांजन, सुपारी, करंज्या, सगळं घेऊन वर्तकनगरला गेले. येतानाच ठरवलेलं की आज दोघांनाही ओवाळायचं. दोन पाट शेजारी शेजारी मांडले, भोवती रांगोळी काढली, अगदी नव्या जोडप्यासाठी मांडतात तशी. दादाला बसवलं, त्याच्या जोडीदाराला बसवलं. दोघांना टिळा लावला आणि निरांजन खाली ठेवून फोन काढला. म्हटलं, "जरा हात धरा ना एकमेकांचा. मस्त दिसताय."

जोडीदार पाटावरून उठला. आवाज न चढवता म्हणाला, "हा फोटो कितव्या भागात जाणार?"

मला काही कळेना. त्याने स्वतःच्या फोनवर माझी गोष्ट उघडली आणि खालच्या प्रतिक्रिया वाचायला लागला, बँकेत टोकन नंबर पुकारतात तशा आवाजात. किती गोड. ब्रश लपवतो, मेलेच मी. असे अजून सीन दे ना ताई.

"मालक आले की माझे हात गार पडतात," तो म्हणाला. "आधीचं घर असंच गेलं, मालकांना कळल्यावर चार दिवसांत. तुझ्या मैत्रिणींना ते गोड वाटलं. आणि तू आम्हाला पाटावर बसवलंस ते ओवाळायला की बघायला?"

मी चिडले. खोटं कशाला बोलू, आधी चिडलेच. म्हटलं, मी तर प्रेमानेच लिहिते, तुमच्या बाजूने लिहिते. दादा मध्ये पडला. "तुझी गोष्ट वाचलेली म्हणूनच तुला सांगायची हिंमत झाली मला," तो म्हणाला, "ते खरंय. पण ब्रशाचं तू त्याला विचारून लिहायला हवं होतंस." निरांजन तोवर विझलेलं. ओवाळायचं राहूनच गेलं.

त्यानंतर तीन आठवडे दादाचा फोन नाही. मी बाविसावा भाग काढून टाकला, सगळ्या बदामांसकट. वाचकांनी बोंब मारली. मला भीती एकच होती, त्या घराचं दार आपल्याला आता पाहुणीसारखं उघडणार.

मग एका रविवारी मी बसले आणि नवा भाग लिहिला. त्यात दोघे डॉक्टर गीझर चालू राहिला म्हणून भांडतात, भाजी आणतात, झोपतात. बस. कुठे टाकला नाही, जोडीदाराला पाठवला. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं: "भांडण असं होत नाही. आधी दोघं गप्प बसतात. आणि मेथी कोण निवडतं ते लिहिलंच नाहीस." मी ऑफिसच्या जिन्यात पुन्हा नाचले. भाग त्याच्या दुरुस्त्यांसकट टाकला. बदाम जेमतेम मूठभर. एकीने विचारलं, "किस कुठे आहे?" मला हसूच फुटलं.

पुढच्या शनिवारी दादाने जेवायला बोलावलं. दार जोडीदारानेच उघडलं, हातात मेथीची जुडी. मी हात धुवायला आत गेले. बेसिनवरच्या मगात दोन ब्रश होते, एक निळा, एक हिरवा. बेल मीच वाजवलेली, तरी दोन्ही जागेवर.

माझा हात फोनकडे गेला. सवयच ती. फोन खिशात ढकलला, तोंडावर पाणी मारलं आणि बाहेर येऊन मेथी निवडायला बसले. आनंद इतका झालेला की कोवळे देठही फेकून देत होते.

हे सगळं लिहिण्याआधी मात्र मी जोडीदाराला विचारलं. त्याने जरा विचार केला. "लिही," म्हणाला. "फक्त रंग बदल ब्रशांचे."

बदलले आहेत.