टिशचं अनेकवचन

जर्मन शिकवायला बसलं की शब्द विसरले जातात आणि किस्से तेवढे घरात साचत जातात. दर शनिवारी हौगांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलाशी माझा क्लास भरतो. विद्यार्थी दोनच, हार्बरफ्रंटच्या ऑफिसातली स्वाती आणि पोस्टडॉक करणारा निखिल. क्लासनंतर सगळे इथेच जेवतात, माझे वडील, आबा, सोडून. आई गेल्यावर मी आबांना पुण्याहून इकडे, परदेशात आणलं, तेव्हापासून ते ओट्यापाशी उभ्यानेच जेवतात. "समोरची खुर्ची रिकामी दिसते गं," एवढंच एकदा म्हणाले. मला ते बघवत नाही.

*

चमच्याला जर्मनमध्ये ल्योफेल म्हणतात आणि त्याचं मूळ चाटण्यात आहे. हे ऐकून स्वातीची लेक आमटीची बोटं चाटत म्हणाली, "देन व्हाय नीड स्पून, ला?" त्या दिवशी स्वातीनेही चमचा घेतला नाही.

*

किल्ली म्हणजे श्लुसेल. हा शब्द 'बंद करणे' या क्रियापदावरून आलाय. निखिल अडून बसला. "ताई, किल्ली तर उघडायला लागते ना?"

"घराला कुलूप लावून निघशील, तेव्हा कळेल," आबा ओट्याजवळून म्हणाले.

मी घाईने पुढचा शब्द घेतला.

*

तो होता टिश, म्हणजे टेबल. मूळ लॅटिन शब्द थाळीचा. पूर्वी ज्याचं त्याचं ताट, तेच ज्याचं त्याचं टेबल. पुढे सगळे एका मोठ्या फळीभोवती बसायला लागले आणि नाव फळीला मिळालं.

"अनेकवचन काय?" आबांनी विचारलं.

"टिशे."

"झालं तर. तुमचं टिश तिकडे, माझं इकडे," म्हणत त्यांनी हातातलं ताट दाखवलं. माझंच जर्मन माझ्यावर उलटलं.

*

निखिलचा इथला कामाचा पास संपत आला होता. त्याला जर्मनीत काम मिळालं. त्याच्या शेवटच्या शनिवारी मी भरली वांगी केली. तो आपलं ताट घेऊन थेट ओट्यापाशी, आबांच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

"अरे, टेबलावर बस की," आबा म्हणाले.

"पुढच्या आठवड्यापासून मी एकटाच जेवणार. एकट्याने जेवायची सवय होते का हो, आबा?"

आबांनी दोन्ही ताटं उचलली, बाहेर आणली, कोपराने माझी पुस्तकं सरकवली. निखिलचं ताट समोरच्या खुर्चीपुढे ठेवलं आणि स्वतः बसले.

"हं, आता एकवचन सांग."