रंगूबाईंचे दहा गुंठे

तीस वर्षं मी कोर्टात वकिलाचा कारकून होतो. खोटं बोलणारी माणसं इतकी पाहिली की खोट्याचा राग येईनासा झाला. पण कारभारीचं नाव निघालं की अजून तोंडात शिवी येते. आणि तो आमच्याच साहेबांचा अशील होता, हे आधीच सांगून टाकतो.

रंगूबाई मखमलाबादच्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. पाटाच्या कडेला एकरभर रान, त्यात गुलछडी, झेंडू, मेथी. पाटी डोक्यावर घेऊन नाशिकच्या बाजारात यायच्या. कुणी फार घासाघीस केली तर म्हणायच्या, "फुकट ने बाबा, पण माझ्या मालाला नावं ठेवू नको." जिभेला धार, मन साफ. शेजारच्या मळ्यात मजुरी करणाऱ्या कारभारीला त्यांनी भाऊ मानलं होतं. नव्वद सालच्या भाऊबीजेला त्याला ओवाळून झालं आणि त्या म्हणाल्या, "कोपऱ्यातले दहा गुंठे तू कर. तुझी पोरं खातील दोन घास."

शेजारच्या भागीबाईनं तेव्हाच बजावलं होतं, "रंगे, दोन ओळी लिहून घे." रंगूबाई उसळल्या, "भावाकडून कागद घिऊ? मंग ओवाळू कोणत्या तोंडानं?" झालं! कागद नाही, खंड म्हणून वर्षाला एक पैसा नाही, काही नाही.

चौदा वर्षं गेली. भागीबाई वारली. शहर पाटापर्यंत आलं, रानारानात प्लॉटचे दगड लागले. रंगूबाईंचे गुडघे धरले, पाटी उचलेना. ते दहा गुंठे विकून म्हातारपण काढावं, एवढाच त्यांचा हिशेब. त्यांनी जमीन परत मागितली, तर हा म्हणतो, "कोणते दहा गुंठे, आक्का?"

त्यांनी दावा लावला आणि कारभारी आमच्या ऑफिसात येऊन बसला. साहेबांनी विचारलं, "तिनं दिली, की तू घेतलीस?"

"दिली ना साहेब, भाऊबीजेला."

"मग हरलास. परवानगीनं शंभर वर्षं कसलीस तरी जमीन तुझी होत नाही. पण तिला न विचारता घुसून, तिच्या नाकावर टिच्चून बारा वर्षं कसली असशील, तर तिला ती परत मागता येत नाही."

गड्यानं विचार करायलासुद्धा वेळ घेतला नाही. "मंग घुसलो म्हणतो की!"

शी! केलेली चोरी लपवणारे रोज भेटतात. हा न केलेली चोरी कबूल करायला निघाला, तीही चहा पिता पिता. त्याची कैफियत, म्हणजे दाव्याला द्यायचं लेखी उत्तर, टाइप कुणी केली? मीच.

रंगूबाई साक्षीला उभ्या राहिल्या. साहेबांनी ती कैफियत त्यांना मोठ्यानं वाचून दाखवली. ही बाई माझी कोणी नाही, मी तिला कधी बहीण मानलं नाही, मी जबरदस्तीनं घुसलो. रंगूबाईंनी कारभारीकडे पाहिलं. तो निवांत सुपारी चघळत होता.

"काय बाई, हा तुमचा भाऊ?" साहेबांनी मुद्दाम विचारलं.

"भाऊ? मुडदा बशिवला याचा! ह्यो माझा कोन नाय. म्या याला काय दिलं नाय. चोर हाय चोर!"

त्यांच्या वकिलानं कपाळावर हात मारला. न्यायाधीश भले होते, त्यांनी पेन खाली ठेवलं. "आजी, रागात बोलू नका. जमीन तुम्हीच त्याला वापरायला दिली होती ना?"

एक 'हो' म्हटलं असतं तर जमीन वाचत होती. मला ठाऊक होतं, साहेबांना ठाऊक होतं. मी फाइलीत तोंड घालून उभा राहिलो.

"चोराला कोन देतं, साहेब?" रंगूबाई म्हणाल्या.

ते तसंच लिहिलं गेलं. परवानगी सांगणारा दुसरा कुणी उरला नव्हता, बारा वर्षं कधीच उलटली होती. दावा फेटाळला.

निकालादिवशी कारभारी पेढे घेऊन आला. वऱ्हांड्यात रंगूबाई दिसल्या तसा निर्लज्ज त्यांच्या पायाशी वाकला. "आक्का, कायद्यापुरतं बोललो. मनावर घिऊ नका."

त्यांनी पाय मागे घेतले. "मी तुझी कोन नाय, असं तूच लिव्हलंस ना? मंग पाया कुनाच्या पडतो रं?"

त्या भिंतीला धरत धरत जिना उतरू लागल्या. कारभारीनं पुडा माझ्यापुढे केला. मी पेढा उचलला आणि खाल्ला.