पाड्यावरचा माठ

सरावपाठासाठी शिरपूरहून आमच्या शाळेत आलेल्या त्या बी.एड.च्या मुलीचं नाव मी विसरलो. कामाला लागताना ओढणी कमरेला खोचायची तिची लकब नाही विसरलो. त्याच आठवड्यात डोंगरातल्या पाड्यावरची शाळा बंद झाली आणि तिथली अकरा पोरं माझ्या पाचवीत आली. ती बाकांवर बसेचनात. भिंतीला पाठ लावून उभी राहायची. चार दिवस मी नुसता ओरडलो.

“सर, परक्या घरात आपण तरी लगेच बसतो का?” ती बी.एड.ची मुलगी हळूच म्हणाली.

पाचव्या दिवशी ती पहाटेच पाड्यावर गेली आणि पोरांसोबत त्यांच्या जुन्या शाळेतला माठ घेऊन आली. हापशावर तो भरला. नव्या घरात आधी भरलं पाणी नेतात, तसा पोरांच्याच हातांनी वर्गाच्या कोपऱ्यात ठेवला.

“आते बठ्ठा पानी प्या,” ती सगळ्यांना म्हणाली.

थोड्या वेळाने मी आत शिरलो, तर अकराही पोरं बाकांवर. चार दिवस मुकी असलेली एक पोरगी उठली आणि तिने भरला पेला माझ्यापुढे धरला.

“ल्या सर, पानी.”

बावीस वर्षं त्या वर्गात मी मालकासारखा वावरलो. त्या दिवशी पाहुणा झालो. पेला दोन्ही हातांनी घेतला.