शाब्बासकीचा शेंगदाणा

तळेघरहून मंचरला जाणाऱ्या एसटीत दर मंगळवारी एक आजी भेटायच्या. सोबत स्वमग्न नात, थेरपीला निघालेली. थेरपीच्या बाईंनी आजींना शिकवलं होतं, पोरीनं काही चांगलं केलं की लगेच कौतुक करायचं आणि खाऊ द्यायचा. आजींनी हा नियम अख्ख्या एसटीला लावला. कंडक्टर गोड बोलला की आजींचं "शाब्बास!" आणि एक शेंगदाणा. मी खिडकीची जागा सोडली, मलाही एक.

"एकच?" मी विचारलं.

"हावरेपना केलात, पावणं!" म्हणत आजींनी तोही काढून घेतला.

एकदा घोडेगावच्या पुढं बोलून बोलून आजींचा घसा बसला आणि त्या चक्क गप्प झाल्या. नातीनं लगेच पिशवीतला एक शेंगदाणा काढून त्यांच्या तळहातावर ठेवला.

बसलेला घसा उघडला. "अवं बगा! हिनं आजवर कुनालाच आपनहून काय दिलं नव्हतं!"

सगळी एसटी मागं वळून बघू लागली. नातीनं दोन्ही कान झाकले. मग आजींच्या हातातला शेंगदाणा शांतपणे उचलला आणि स्वतःच खाऊन टाकला.

आजी डोळे पुसत अगदी हळू कुजबुजल्या, "शाब्बास."